आजोबांची नाणी : घासू नका, लिहून ठेवा

वाकोल्याच्या आमच्या जुन्या खोलीत पलंगाखाली बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा असायचा. माझे आजोबा बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या आपल्या अनेक घरांतले पुरुष त्या काळी समुद्रावर असत, तसेच तेही. सफरीवरून परतताना खिशात उरलेली दोन-चार नाणी ते या डब्यात टाकत. एखादे बसऱ्याचे, एखादे मोंबासाचे. बाजारात भोकाचा पैसा हाती आला किंवा कोणी जुना चांदीचा रुपया दिला, तर तोही डब्यात जाई. ईदच्या दुपारी जेवणे उरकली की ते चादरीवर नाणी पसरत आणि आम्हा मुलांना एकेक नाणे दाखवून विचारत, "सांग बघू, हा बादशहा कुठला?"

आजोबांचा इंतकाल झाला. डबा पलंगाखालीच राहिला.

२६ जुलै २००५ चा दिवस वाकोल्यात कोणी विसरलेले नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी आणि तिला मिळणारा वाकोला नाला दोन्ही फुगले आणि पाणी घराघरांत शिरले. आमची माणसे वाचली, अल्हम्दुलिल्लाह. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना डबा सापडला. आत घाण पाणी, आणि नाण्यांवर काळा-हिरवा थर. ते पाहून घरातल्या बायकांनी जे केले, ते कुठल्याही घरात झाले असते. चिंचेचा कोळ केला, राख घेतली आणि एकेक नाणे घासून लख्ख केले. घासणाऱ्यांत मीही होते. संध्याकाळी नाणी नवीन असल्यासारखी चमकत होती. आम्हाला वाटले, आजोबांची ठेव वाचवली.

मागच्या वर्षी इमारत पुनर्विकासाला जायची म्हणून सामान आवरताना तोच डबा पुन्हा वर आला. चाचांचे म्हणणे पडले की आता विकून टाकू. नाण्यांची जाण असलेल्या एका गृहस्थांना घरी बोलावले. त्यांनी भिंगातून बघत नाणी बाजूला काढायला सुरुवात केली. राजाच्या चेहऱ्यावरचे, मुकुटावरचे बारीक काम गेलेले, बारीक रेघोट्या पडलेले रुपये एका बाजूला. तो ढीग मोठा होत गेला. शेवटी ते म्हणाले, "पुराच्या पाण्यानं एवढं नाही बिघडलं. चिंचेनं बिघडलं."

त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली फुफू अब्बांना म्हणाली, "भाई, त्यात माझाही हिस्सा असेल ना?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. आजोबांना जाऊन इतकी वर्षे झाली होती. दादीही गेली. घराचे, गावच्या आंब्याच्या झाडांचे बोलणे झाले होते. डब्याचे कधीच नाही. तो 'सगळ्यांचा' होता, म्हणजे ज्याच्या घरात होता त्याचा होता.

त्या दोन वाक्यांमुळे हा लेख लिहिते आहे. असा डबा, असा बटवा किंवा अशी पोटली आपल्या कितीतरी घरांत असेल. ती सांभाळणे म्हणजे दोन कामे : नाणे बिघडू न देणे आणि ज्याचा हक्क आहे त्याला तो पोहोचवणे. दोन्ही कामांची सुरुवात एकाच गोष्टीने होते, आणि ती म्हणजे वही.

आपल्या डब्यांत काय असते

आधी काय आहे ते ओळखावे. मुंबई-कोकणातल्या घरांत सहसा इंग्रजी अमलातली नाणी असतात. १८३५ पासून कंपनी सरकारने सगळ्या मुलखात एकसारखा रुपया सुरू केला. वजन ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. आपण ज्याला तोळा म्हणतो ते याच रुपयाचे वजन. व्हिक्टोरिया राणी, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज यांच्या रुपयांत हेच प्रमाण राहिले. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, त्याच्यावर वाघ आहे. भोकाचा पैसा १९४३ मध्ये आला, तोही युद्धात तांबे वाचवण्यासाठी. म्हणून नाण्यावरचे साल वाचणे महत्त्वाचे. दिसायला सारखे दोन रुपये, पण एकात चांदी दुप्पट असू शकते.

१९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया आपल्या वाचकांनी मुद्दाम बघावा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्तीचे चित्र आहे, पण सोंड इतकी आखूड झाली की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. मुसलमानांच्या भावना दुखावल्या. सरकारने नाणी परत घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. त्यामुळे १९११ चा रुपया आज संग्राहक शोधत असतात. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याहून दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर आहेत.

मराठवाड्यातल्या घरांत निजामाचा हाली सिक्का निघतो. त्याच्यावर चारमिनार असतो आणि हिजरी साल असते. कित्येक नाण्यांवर ९२ हा आकडा दिसतो. मुलांना हे कोडे घालून बघा. अबजद पद्धतीने मीम ४०, हे ८, मीम ४० आणि दाल ४ मिळवले की ९२ होतात, म्हणजे 'मुहम्मद' हे नाव. हाली आणि कलदार, म्हणजे निजामाचा आणि इंग्रजांचा रुपया, यांचा भाव साधारण सात हालीला सहा कलदार असा धरत. तो हिशेब घरातल्या एखाद्या बुजुर्गाला अजून आठवत असेल.

काही घरांत मोगली किंवा सुलतानी काळातले, कलमा असलेले नाणे असते. शाहजहानपर्यंतच्या कित्येक मोगली नाण्यांवर कलमा आहे. औरंगजेबाने ते बंद केले, कारण पवित्र शब्द हातोहाती फिरून त्यांची बेअदबी होऊ नये असे त्याला वाटत होते. पेशवाईतली अनेक नाणीही दिल्लीच्या बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेली आहेत. तेव्हा फारसी अक्षरे दिसली म्हणून नाणे मोगलांचेच, असे समजू नये.

खलाशांच्या घरांत परदेशी नाणी असतात. पूर्व आफ्रिकेचा सिंह असलेला शिलिंग चांदीचा वाटतो, पण १९२१ पासूनच्या त्या शिलिंगात चांदी फक्त पाव हिस्सा आहे. सोन्याची गिन्नी असेल तर साल बघा. १९१८ मध्ये मुंबईच्या टांकसाळीतही गिन्न्या पाडल्या होत्या, आणि त्यांच्यावर तारखेच्या वर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असते. एखाद्या घरात हजच्या नोटाही सापडतील. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये यात्रेकरूंसाठी १० आणि १०० रुपयांच्या खास नोटा काढल्या होत्या आणि त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी 'एच ए' अक्षरे असत. नोट सापडली तर घडी उलगडून सपाट ठेवावी. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर कधीच करू नये.

वाकोल्यात चांदी लवकर का काळी पडते

नाण्याचे दुश्मन चोरापेक्षा साधे असतात : ओल, घाम, धूर आणि चुकीचे प्लास्टिक.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेतली आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. धातूला मानवते ती ४० टक्क्यांच्या आसपासची कोरडी हवा. त्यातून समुद्राची खारट हवा. तांब्याच्या नाण्यात मीठ मुरले की त्याच्यावर फिकट हिरवी, पिठासारखी बुकटी येते. ती पुसली तरी पुन्हा येते आणि नाणे पोखरत जाते. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर वेगळा. तो जुन्या तांब्याचा नैसर्गिक रंग आहे आणि उलट नाण्याला जपतो. बुकटी येणारे नाणे मात्र ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळे करावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. नाल्याला जो कुजका वास येतो त्यात गंधकाचा वायू असतो, आणि चांदी काळी पडते ती याच गंधकाने. नाल्याकाठच्या घरात पायातले पैंजण लवकर काळे होतात, तसेच रुपयेही होतात. रबर बँडमध्येही गंधक असते. रुपयांची गड्डी रबराने बांधून ठेवली तर काही वर्षांत रबराची काळी रेघ नाण्यावर उमटते. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असते, लोकरीच्या कापडात गंधक. नव्या प्लायवूडच्या कपाटातून आणि ताज्या रंगातूनही धातूला मारक वाफा निघतात. लोखंडी कपाट त्यामानाने बरे.

प्लास्टिकचे सांगायलाच हवे, कारण तेथे चांगल्या हेतूने नुकसान होते. मऊ, लवचीक, नव्या रेनकोटसारखा वास येणाऱ्या पाकिटांत पीव्हीसी असते. काही वर्षांनी ते नाण्यावर हिरवट चिकट द्रव सोडते. स्वस्त अल्बमची पाने बहुधा अशीच असतात. आमच्या चाचांनी पुरानंतर काही चांगली नाणी 'नीट' अल्बममध्ये लावली होती. घासण्यातून वाचलेली ती तेथे चिकटली.

घासणे का वाईट

चिंच, लिंबू, व्हिनेगर ही आम्ले आहेत. ती मळाबरोबर धातूचाही वरचा थर खातात. राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर यांतले बारीक कण ओरखडे पाडतात. टांकसाळीतून निघताना नाण्याच्या पृष्ठभागावर जी झळाळी असते ती ठशाच्या दाबाने आलेली असते, आणि एकदा गेली की कुठल्याही उपायाने परत येत नाही. काळा पडलेला जुना रुपया जाणकाराला चालतो. घासून चकचकीत केलेला चालत नाही. तो मग फक्त चांदीच्या भावाने जातो.

सराफाकडून पॉलिश करणे, कडी डागून गळ्यात घालायला लॉकेट करणे, पैंजणासाठी रुपये आटवणे या सगळ्याचा शेवट तोच. कलमा असलेल्या नाण्याला कडी लावून मुलांच्या गळ्यात घालण्याची जुनी रीत काही घरांत आहे. त्यात नाण्याचे नुकसान तर आहेच, पण ते गळ्यात घालून मूल कुठे कुठे जाते याचाही विचार करावा. असे नाणे स्वच्छ जागी, उंचावर, वेगळ्या कागदात ठेवणे हाच त्याचा अदब.

पुरात किंवा गळतीत नाणी भिजलीच तर काय करावे? चिखल सुकू देऊ नये. डिस्टिल्ड वॉटर घ्यावे आणि एका भांड्यात एकेक नाणे सुटे बुडवून चिखल आपोआप सुटू द्यावा. पाणी दोन-तीनदा बदलावे. बोटाने चोळू नये. मग जुन्या मऊ सुती कापडावर ठेवून वरून कापड नुसते दाबावे, पुसू नये. पूर्ण कोरडे होईपर्यंत पंख्याखाली ठेवावे. उरलेले डाग असू द्यावेत, ते जाणकारासाठी.

ठेवावे कसे

यासाठी फार खर्च लागत नाही.

नाणे हाताळण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. हाताला अत्तर, तेल, क्रीम काही नको. खाली मऊ कापड किंवा उशी ठेवावी, म्हणजे नाणे निसटले तरी फरशीवर पडणार नाही. नाणे नेहमी कडेने धरावे, छापा आणि काटा यांना बोट लावू नये. घामातले मीठ आज दिसत नाही; दोन वर्षांनी तेथे बोटाचा ठसा काळा होऊन उमटतो. नाण्यावर तोंड घेऊन बोलूही नये, थुंकीचे बारीक थेंब डाग पाडतात.

प्रत्येक नाणे वेगळे ठेवावे. मधोमध गोल पारदर्शक खिडकी असलेले पुठ्ठ्याचे छोटे चौकोन नाण्यांच्या दुकानात मिळतात. नाणे आत ठेवून पुठ्ठा दुमडायचा आणि कडेला स्टेपल मारायचे. स्टेपलची टोके पक्कडीने सपाट करावीत, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. हे जमत नसेल तर आम्लरहित कागदाची छोटी पाकिटे करावीत. चौकोनावर किंवा पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक लिहावा, आणि तो नाणे आत घालण्याआधीच लिहावा.

हे चौकोन घट्ट झाकणाच्या डब्यात उभे लावावेत. डब्याच्या बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीनचा, तो चालतो. ३ आकडा म्हणजे पीव्हीसी, तो नको. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी. नव्या बुटांच्या खोक्यात येते तीच. पण ओल शोषल्यावर रंग बदलणारी घेतली तर कधी बदलायची ते कळते. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. डांबराच्या गोळ्या, कापूर डब्यात टाकू नये. लोबान आणि अगरबत्तीचा धूर होतो त्या कोनाड्यात डबा ठेवू नये.

आणि डबा जमिनीवर ठेवू नये. आमची चूक तेथेच झाली. पलंगाखाली नको, पत्र्याच्या छपराखालच्या तापणाऱ्या माळ्यावरही नको. लोखंडी कपाटाचा मधला किंवा वरचा खण, बाहेरच्या भिंतीपासून जरा दूर, ही चांगली जागा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी, डबा उघडून बघावा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला तरी हे चुकत नाही, कारण ओल तेथेही असते.

वही

आता सर्वांत महत्त्वाचे काम. एक साधी वही घ्यावी. प्रत्येक नाण्याला एक ओळ : क्रमांक, कुठल्या देशाचे किंवा राजाचे, साल, धातू, वजन, व्यास, आणि कुठून आले. वजनासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा पुरतो. जुन्या चांदीच्या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅमपेक्षा बरेच कमी किंवा जास्त भरले तर नकलेची शंका घ्यावी. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढावेत.

स्वातंत्र्यानंतरच्या नाण्यांत तारखेखालची खूण बघावी. मुंबई टांकसाळीची खूण छोटा हिरा, हैदराबादची तारा, नोएडाची गोल टिंब, आणि कोलकात्याची खूणच नसते. फारसी नाण्यावर 'ज़र्ब' शब्द शोधावा. त्याच्यापुढे गाव असते, जेथे नाणे पाडले. 'जुलूस' शब्दाजवळ बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. मराठी शाळेत शिकलेल्या आपल्या मुलांना ही अक्षरे येत नाहीत आणि उर्दू वाचणाऱ्या बुजुर्गांना आता बारीक दिसत नाही. फोटो मोठा करून दोघांना शेजारी बसवले तर काम होते, आणि एक दुपार चांगली जाते.

'कुठून आले' हा रकाना रिकामा सोडू नये. आमच्या डब्यातल्या मोंबासाच्या शिलिंगची गोष्ट फक्त फुफूला माहीत होती. आजोबांनी ते नाणे तिच्या जन्माच्या वर्षी आणले होते. वहीत लिहिली नसती तर ती गोष्ट तिच्याबरोबर गेली असती.

वहीच्या प्रती सगळ्या वारसांकडे द्याव्यात, आणि एक प्रत डब्यापासून दूर, दुसऱ्या घरी ठेवावी.

कोणाचे किती

शरीयतप्रमाणे माणूस वारला की आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत, आणि उरलेल्या सगळ्याची वाटणी. सूरह निसामध्ये पुरुष आणि स्त्रिया दोघांचाही हिस्सा ठरवून दिला आहे, माल थोडा असो की फार. 'थोडा' यात पलंगाखालचा डबाही येतो.

आमचा हिशेब मौलाना साहेबांकडून करून घेतला. आजोबांच्या मागे दादी, दोन मुलगे आणि एक मुलगी. ४० भाग केले तर दादीचे आठव्या हिश्शाने ५, प्रत्येक मुलाचे १४ आणि मुलीचे ७. पुढे दादी वारली आणि तिचे वारस हीच तीन मुले. तिचे ५ भाग २, २ आणि १ असे वाटले गेले. म्हणजे अब्बांचे १६, चाचांचे १६ आणि फुफूचे ८. डब्याचा पाचवा हिस्सा फुफूचा होता, आणि आजोबा गेल्यापासून तिचा काही हिस्सा होताच. वाटणी लांबली की असेच थर चढत जातात. एखादा भाऊ किंवा बहीण मध्येच गेली तर तिच्या मुलांना मोजावे लागते. आपले वारस वेगळे असतील, म्हणून आपला हिशेब आलिमांकडूनच करून घ्यावा.

वाटायचे म्हणजे संग्रह मोडायचाच असे नाही. सगळ्या नाण्यांची किंमत जाणकाराकडून, शक्यतो दोघांकडून, करून घ्यावी. मग एकाने संग्रह ठेवून इतरांना राजीखुशीने रक्कम द्यावी, किंवा नाणीच किमतीप्रमाणे वाटावीत, किंवा सगळ्यांच्या संमतीने एखाद्या संग्रहालयाला द्यावीत. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर तिने आधी तो हाती घ्यावा, मग तिच्या मर्जीने द्यावा. 'बहिणी कुठे नाणी मागतात' या रिवाजाच्या दबावाखाली सोडलेला हक्क म्हणजे सोडलेला हक्क नव्हे.

जकातीचा हिशेबही वहीतून निघतो. तांबे, निकेल, ॲल्युमिनियमची नाणी विक्रीसाठी ठेवलेली नसतील तर त्यांच्यावर जकात नाही. सोन्याचांदीची नाणी मात्र नुसती जपून ठेवलेली असली तरी हिशेबात येतात. आपल्याकडे चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम धरतात. आमच्या डब्यात १९४० च्या आधीचे २१ रुपये निघाले. प्रत्येकात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, म्हणजे एकूण सुमारे २२४ ग्रॅम. तिघांत वाटल्यावर एकाचाही निसाब एवढ्यावर भरत नाही. पण ज्याच्याजवळ सोने, रोख रक्कम आहे त्याने ती त्यात मिळवून बघायची. मिश्र धातूच्या रुपयात सगळे वजन धरायचे की फक्त शुद्ध चांदी, याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. कोकणातली बरीच घरे शाफई आहेत, म्हणून आपल्या इमामांना विचारूनच आकडा पक्का करावा.

विचारावे कुठे, सावध कुठे राहावे

वाकोल्याला लागूनच कलिना येथे मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल आहे, आणि तेथेच दिनेश मोदी नाणे संग्रहालय आहे. फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे मॉनेटरी म्युझियम आहे. २००४ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचे उद्घाटन केले. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला नाण्यांचा संग्रह मोठा आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधनाची संस्था आणि संग्रहालय आहे. जाण्याआधी वेळेची चौकशी करावी. मुलांना घेऊन एकदा जाऊन आलात तर नाणी कशी मांडतात, कशी लिहून ठेवतात ते डोळ्यांनी दिसते.

मोबाइलवर 'जुन्या नाण्याला लाखो रुपये' असे निरोप येतात आणि आधी नोंदणीची फी मागतात. अशा व्यवहारांत आपले नाव वापरून फसवणूक होते, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये दिला होता. आपण कोणतीही फी किंवा कमिशन घेत नाही, हेही बँकेने स्पष्ट केले. तेव्हा नाणे विकायला कोणी आधी पैसे मागितले की तेथेच थांबावे.

दुबई-कुवेतला असलेल्या नातेवाइकाच्या हाती भेट म्हणून जुने नाणे पाठवू नये. १९७२ च्या कायद्याप्रमाणे १०० वर्षांपेक्षा जुने नाणे ही पुरावस्तू आहे आणि ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. गावचे घर पाडताना जमिनीत पुरलेली नाणी निघाली तर ती वारशाची नाणी नव्हेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आमच्या डब्यात १६३ नाणी निघाली. वही लिहायला तीन रविवार लागले. किंमत ठरली ती फार मोठी नव्हती. चिंचेने घासली नसती तर जास्त आली असती, हे मान्य करावे लागते. संग्रह अब्बांनी ठेवला. चाचांनी आपल्या हिश्शाची रक्कम घेतली. फुफूने तिच्या वाट्यात मोंबासाचा शिलिंग आणि चांदीचे काही रुपये घेतले, आणि उरलेले पैसे घेतले. तिने हक्क सोडला नाही आणि कोणी तिला सोडायला सांगितलेही नाही. नाणी तिने पुठ्ठ्याच्या चौकोनांत घालून नेली.

यंदाच्या ईदला दुपारी चादर पसरली तेव्हा प्रश्न फुफूने विचारला आणि माझ्या मुलाने वही उघडून उत्तर शोधले. आपल्याही घरी असा डबा असेल तर या आठवड्यात उघडा. घासू नका. एक वही आणा, आणि पहिल्या पानावर ज्याची ठेव आहे त्या मरहूमांचे नाव लिहा आणि त्याखाली सगळ्या वारसांची नावे.